बी.कॉम. झालं, आता अकाउंट्समधली पहिली नोकरी: क्लास लावण्याआधी काय करावं

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: कऱ्हाडला मराठी माध्यमातून बी.कॉम. झालंय. भोसरीतल्या एका कारखान्यात ज्युनियर अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी महिन्याभराने मुलाखत आहे. टॅली आणि जीएसटीच्या क्लासने वीस हजार फी सांगितली आहे, आणि इंग्रजी बेताचं आहे. क्लास लावू की तिसऱ्या वर्षाची पुस्तकं पुन्हा काढू, असं तुम्ही विचारता.

माझ्या मते आधी यातलं कुठलंच नको. तुमची अडचण टॅलीची नाही आणि थिअरीचीही नाही. कॉलेजात उदाहरण सुरू होतं तेव्हा व्यवहार आधीच गाळून, स्वच्छ करून हातात दिलेला असतो. 'अनिलकडून ५०,००० रुपयांचा माल उधार खरेदी केला' एवढं वाचलं की नावे-जमा कुणालाही जमतं. ऑफिसात हे वाक्य तुम्हाला कुणी लिहून देत नाही. तिथे एक चुरगळलेलं बिल टेबलावर येतं. त्यावर स्टोअरचा शिक्का असेल किंवा नसेल, तारीख मागच्या महिन्याची असेल, आणि त्या कागदावरून ते वाक्य तुम्हाला स्वतः तयार करायचं असतं. मी कारखान्यांच्या अकाउंट्स विभागात बरीच वर्षं काम करते आहे आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेते. पहिल्या वर्गात पास झालेली मुलंही अडतात ती नेमकी इथे. म्हणून तुमच्या हातातला महिना कागदावरून नोंद आणि नोंदीवरून पुन्हा कागद, असं जा-ये करायला शिकण्यात घालवा. बाकीचं शिकवता येतं आणि आम्ही ते शिकवतोही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण 'अकाउंट्सची नोकरी' म्हणजे किमान तीन वेगळ्या नोकऱ्या आहेत. सीएच्या ऑफिसात गेलात तर एकाच वेळी पंधरा-वीस धंद्यांचे कागद हाताखालून जातात. तिथे पगार सहसा कमी, धावपळ जास्त, पण दोन वर्षांत नजर तयार होते. हिंजवडी किंवा खराडीच्या मोठ्या कंपन्यांच्या सेंटरमध्ये गेलात तर काम सॅप किंवा ओरॅकल या मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर चालतं. परदेशातल्या पुरवठादारांची बिलं दिवसभर सिस्टिममध्ये टाकायची, इंग्रजीत मेल करायचे, कधी कधी रात्रपाळी. पगार बरा असतो, पण धंद्याचा एक तुकडाच दिसतो आणि आपला जीएसटी आणि टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा प्राप्तिकर) दिसेलच असं नाही. तिसरा प्रकार तुमचा, एमआयडीसीतला कारखाना. तिथे खरेदी, स्टोअर, बँक, पगार, जीएसटी सगळं एकाच मजल्यावर असतं आणि ज्युनियरला यातलं काहीही करावं लागतं. खालचं सगळं तो कारखाना डोळ्यासमोर ठेवून लिहिते आहे. खराडीची मुलाखत असती तर मी तुम्हाला एक्सेल आणि इंग्रजी मेल यावरच महिना घालवा म्हटलं असतं.

मुलाखतीत मी जे करते तेच सांगते. समोर एक बिल ठेवते आणि म्हणते, याची एन्ट्री सांगा. समजा ते कारखान्याच्या साफसफाईच्या ठेकेदाराचं आहे. ठेकेदार पुण्यातलाच, एकटा मालक. रक्कम ५०,०००, त्यावर सीजीएसटी (केंद्राचा जीएसटी) ४,५००, एसजीएसटी (राज्याचा) ४,५००, एकूण ५९,०००. बहुतेक जण लगेच सांगतात: साफसफाई खर्च नावे, जीएसटी नावे, ठेकेदार ५९,००० ने जमा. चूक नाही, पण अर्धवट आहे. एकाच बिलाची रक्कम ३०,००० च्या वर आहे, त्यामुळे ठेकेदाराचा टीडीएस कापावा लागणार. किती? मालक एकटा माणूस असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. कशावर? जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर फक्त ५०,००० वर. म्हणजे ५०० रुपये टीडीएस देय खात्यात जमा आणि ठेकेदाराच्या खात्यात ५८,५००. ते ५०० पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारकडे भरायचे. फक्त मार्चचे असतील तर ३० एप्रिलपर्यंत मुभा असते.

ठेकेदार एकटा आहे की कंपनी, हे बिलावर कुठे लिहिलेलं असतं, असं मी पुढे विचारते. इथे जीएसटी नंबर वाचता येणारी मुलगी पटकन वेगळी दिसते. पंधरा अक्षरी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, गुजरात २४. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा किंवा संस्थेचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, सांगतं की तो कोण आहे. 'पी' म्हणजे व्यक्ती, 'एच' म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, या दोघांना १ टक्का. 'एफ' म्हणजे भागीदारी फर्म, 'सी' म्हणजे कंपनी, त्यांना २ टक्के. बिलावर व्यक्तीचं नाव आणि नंबरात 'सी' असेल तर कुठेतरी गडबड आहे, थांबून विचारायचं. आज घरातल्या प्रत्येक बिलावरचा जीएसटी नंबर काढा आणि वाचून बघा. हॉटेल, मेडिकल, मोबाइलचं दुकान, कुठलंही चालेल. दोन दिवसांत डोळे सरावतील.

मग त्याच बिलात मी थोडे बदल करते. एखादा मशीनचा पार्ट आणलाय, पण पुरवठादाराचा नंबर २९ ने सुरू होतो आणि माल भोसरीत उतरलाय. मग सीजीएसटी-एसजीएसटी जाऊन आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातून आलेल्या मालावरचा जीएसटी, आला पाहिजे. ठेकेदार साफसफाईऐवजी सुरक्षारक्षक पुरवणारा आहे आणि कंपनी नसून एकटा मालक आहे, तर बिलात जीएसटी नसणार, तो कारखान्याने स्वतः रिव्हर्स चार्जमध्ये भरायचा. वकिलाच्या फीलाही तसंच. बिल कर्मचाऱ्यांच्या जेवणाचं असेल तर जीएसटी लागलेला असूनही बहुतेक वेळा त्याचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून तो वजा करता येत नाही, तो खर्चातच धरायचा. ही सगळी उत्तरं तुम्हाला येतीलच अशी अपेक्षा नाही. 'इथे काहीतरी वेगळं आहे, मी विचारून एन्ट्री करेन' एवढं म्हणणारी उमेदवार मला पुरते. न विचारता ठोकून देणारी परवडत नाही.

कारखान्यात आणखी एक गोष्ट असते जी कॉलेजात कुणी बोलत नाही. मालाच्या बिलाला तीन कागद एकत्र जुळावे लागतात: परचेस ऑर्डर, स्टोअरने माल घेतल्याची पावती म्हणजे जीआरएन, आणि पुरवठादाराचं बिल. ऑर्डर १०० नगांची, दर ४२०. बिल १०० नगांचं. जीआरएनमध्ये ९६, कारण चार नग रिजेक्ट झाले. बिल १०० चं बुक होईल, पण चार नगांची डेबिट नोट, म्हणजे तेवढे पैसे पुरवठादाराकडून कापल्याचा कागद, निघाली पाहिजे, नाहीतर पैसे १०० चे जातात. हे ज्युनियरचंच काम. त्यासाठी अकाउंटन्सीपेक्षा स्टोअरमधल्या माणसाशी नीट बोलता येणं जास्त लागतं. नव्या लोकांना वाटतं आपण एसीत बसून काम करायचं. खाली उतरून गेट रजिस्टर पाहून येणाऱ्याला मात्र तीन महिन्यांत सगळा कारखाना ओळखायला लागतो.

बँकेचं काम पहिल्या आठवड्यात हातात येईल, त्याची तयारी घरी पूर्ण होऊ शकते. पुस्तकातल्या उदाहरणाचा धसका घेऊ नका, प्रत्यक्षात ते सोपं आहे. समजा महिनाअखेर आपल्या बँक खात्यात ३,४२,००० शिल्लक आहे आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ३,८४,७६४. फरक ४२,७६४. शोधल्यावर दिसतं: २८,००० चा चेक आपण दिला, तो अजून वटलेला नाही. एका ग्राहकाने १५,००० एनईएफटीने थेट पाठवले, आपल्याकडे नोंदच नाही. बँकेने २३६ रुपये चार्जेस कापले. २८,००० अधिक १५,००० उणे २३६, बरोबर ४२,७६४. आता खरा प्रश्न: यातलं आपल्या पुस्तकात काय घ्यायचं? १५,००० आणि २३६ घ्यायचे, कारण ते घडून गेलंय आणि आपल्यालाच माहीत नव्हतं. शिल्लक ३,५६,७६४ होते. २८,००० तसेच ठेवायचे, ते बँकेला अजून कळायचं आहे. आणि त्या २३६ मधले २०० खर्च, ३६ जीएसटी. ते छत्तीस रुपये वेगळे काढणारी मुलगी मी लगेच लक्षात ठेवते. बँकेच्या स्टेटमेंटमधलं क्रेडिट म्हणजे आपल्या पुस्तकात नावे, हेही मुलाखतीत हमखास विचारतात. त्याचं कारण सांगता यायला हवं, नुसतं पाठ नको: ते बँकेचं पुस्तक आहे, त्यांच्या दृष्टीने आपण देणेकरी नसून घेणेकरी आहोत.

तर मग महिना कसा घालवायचा? ओळखीतल्या कुणाचं तरी दुकान शोधा. हार्डवेअर, इलेक्ट्रिकल, शेतीची औषधं, काहीही. फक्त ते कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान व्यावसायिकांच्या सोप्या जीएसटी योजनेत, नसावं, कारण त्या दुकानदाराला बिलात जीएसटी लावता येत नाही आणि क्रेडिटही घेता येत नाही, तुमचा अर्धा सराव बुडेल. त्या दुकानदार काकांना सांगा, एका जुन्या महिन्याची खरेदीची बिलं, विक्रीची बिलं आणि बँक स्टेटमेंट झेरॉक्स करून द्या. तो पूर्ण महिना तुम्ही लिहून काढा. आधी वहीत, मग टॅलीत. शेवटी आलेला जीएसटी आणि काकांच्या सीएने त्या महिन्याच्या ३बी मध्ये, म्हणजे कर भरायच्या जीएसटी रिटर्नमध्ये, भरलेला जीएसटी जुळतो का बघा. पहिल्या वेळी जुळणार नाही, जुळूही नये. तो फरक का आला हे शोधताना जे शिकाल ते वीस हजारांत मिळत नाही. दुकानदार कचरत असेल तर गिऱ्हाइकांची नावं झाकून द्यायला सांगा, आणि ते कागद कुणाला दाखवू नका. ती सवयही नोकरीचाच भाग आहे.

टॅलीचा एज्युकेशनल मोड फुकट आहे, घरच्या कॉम्प्युटरवर चालतो. त्यात महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ या तारखांनाच नोंदी करता येतात, म्हणून खरी तारीख नॅरेशनमध्ये, म्हणजे नोंदीखालच्या टिपेत, लिहीत जा. एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. एवढ्या किल्ल्या हाताला बसल्या की मुलाखतीपुरतं टॅली झालं. क्लास नोकरी लागल्यावर, पहिल्या पगारातून लावा, तेव्हा काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असेल. घरी कॉम्प्युटरच नसेल किंवा एकटीने बसून शिकणं जमत नसेल तर गोष्ट वेगळी. मग लावा, पण पैसे भरण्याआधी विचारा की खऱ्या बिलांवरून एन्ट्री करायला देतात का. उत्तर 'नोट्स देतो' असं आलं तर परत फिरा.

टॅलीबद्दलच एक गोष्ट, कारण सायबर कॅफेत शिकलेली मुलं इथे चुकतात. चुकीची एन्ट्री झाली की ती डिलीट करून मोकळं व्हायचं, ही सवय मोडा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहणं बंधनकारक आहे आणि ती बंद करता येत नाही. ऑडिटर ती बघतो. चूक वरिष्ठांना सांगून, दुसऱ्या नोंदीने दुरुस्त करायची.

एक्सेलमध्ये तुम्हाला जे खरोखर लागणार आहे ते एका कामाभोवती फिरतं. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी येतं, म्हणजे आपल्या पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी. जानेवारी २०२२ पासून तिच्यात जे नाही त्याचं क्रेडिट त्या महिन्यात घेता येत नाही. म्हणून आपलं खरेदी रजिस्टर आणि २बी एकमेकांना जुळवायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आपण बिल नंबर '४५' टाकलेला असतो आणि पुरवठादाराने '०४५/२५-२६'. एका बाजूला जीएसटी नंबराच्या शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा असते आणि व्हीलुकअप मुकाट्याने 'सापडलं नाही' म्हणतं. तारखा मजकुरासारख्या उतरलेल्या असतात. त्यामुळे व्हीलुकअप किंवा एक्सलुकअप, सम-इफ्स, पिव्हट आणि ट्रिम, इतकं नीट करा. मॅक्रो वगैरे राहू द्या. जी बिलं २बी मध्ये सापडली नाहीत त्यांच्या पुरवठादारांना फोन करून 'साहेब, आमचं बिल तुमच्या जीएसटीआर-१ मध्ये (म्हणजे विक्रीच्या बिलांच्या रिटर्नमध्ये) दिसत नाहीये' असं गोड आवाजात विचारायचं कामही तुमच्याकडेच येणार. हे मराठीत चालतं, निर्धास्त राहा.

तारखांचं चक्र तोंडपाठ असू द्या. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल आणि तिमाही पद्धत घेतली असेल तर महाराष्ट्रात तिमाहीचं ३बी २२ ला. महिनाअखेर पगार आणि प्रोफेशनल टॅक्स: महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. महिलांना मासिक २५,००० पगारापर्यंत तो लागत नाही, तेव्हा तुमच्या पहिल्या पगारातून कापला गेला तर विचारायला हरकत नाही. तारखांच्या या चक्राचा एक व्यवहारी उपयोगही आहे. रुजू व्हायची तारीख निवडायला मिळाली तर २१-२२ ची घ्या. १८ ला गेलात तर तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसेल.

कायदे बदलत राहतात, त्याची धास्ती नको, पण काय बदललं एवढं ठाऊक हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ संपले आणि मुख्य दर ५ आणि १८ राहिले, काही मोजक्या वस्तूंना ४०. प्राप्तिकराचा १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. पगाराचा टीडीएस आता कलम ३९२ मध्ये आणि बाकीचा बहुतेक ३९३ मध्ये एकत्र आहे. ऑफिसात मात्र अजून सगळे '१९४सी' (ठेकेदाराचा टीडीएस), '१९४जे' (व्यावसायिक फीचा) अशी जुनी कलमंच बोलतात, आणि तुमच्या पुस्तकातही तेच असणार. मुलाखतीत दोन्ही सांगितलंत तर समोरचा मान वर करून बघेल.

इंग्रजीचं म्हणाल तर भोसरीत ते अडणार नाही. किर्द, खतावणी, तेरीज मराठीतून शिकलात तरी डोक्यात गेलेलं तेच आहे. इंग्रजी शब्द समोर एका कागदावर लिहून ठेवा, आठवड्यात बसतील. लिहायला लागतात ते चार-पाच ठरावीक मेल: बिलाची प्रत मागणं, लेजर जुळवायला पाठवणं, पेमेंट केल्याचं कळवणं, बिलातली चूक दाखवणं. प्रत्येकाचा एक नमुना तयार ठेवा आणि वापरत राहा. मुलाखतीत इंग्रजीत सुरुवात झाली तर सरळ सांगा की मराठीत जास्त नीट सांगू शकेन. हिशेब बरोबर सांगणाऱ्याला यावरून नाकारणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. हिंजवडी-खराडीच्या सेंटरमध्ये मात्र हे चालणार नाही, हेही खरं.

आता एक नाजूक मुद्दा. लहान जागी ज्युनियरकडून कधी कधी नको ती कामं करून घेतात. माल न येता आलेलं बिल बुक कर, रोखीचं मोठं पेमेंट दहा-दहा हजारांच्या आत तोडून वेगवेगळ्या तारखांना दाखव, जीएसटी पोर्टलवर तुझाच मोबाइल नंबर टाक म्हणजे ओटीपीला सोपं. शेवटचं निरुपद्रवी वाटतं, पण नोकरी सोडून दोन वर्षं झाली तरी त्या कंपनीचे ओटीपी तुमच्या फोनवर येत राहतात आणि नोटीस आली की फोनही तुम्हालाच. मालकाच्या डिजिटल सहीचा टोकन स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. स्वतःचा मोबाइल नंबर किंवा ईमेल कंपनीच्या नोंदणीला देऊ नका. बिलाबद्दल शंका असेल तर 'सर, जीआरएन मिळाला की लगेच बुक करते' हे वाक्य पुरेसं असतं. भांडावं लागत नाही आणि तुमची बाजूही नोंदली जाते.

तुम्ही सीएबद्दलही ओझरतं विचारलंय. बी.कॉम.ला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला नोंदणी होते. पण नोकरी आणि इंटरमीडिएटचा अभ्यास एकाच वेळी करायचा बेत भोसरीच्या कारखान्यात, रोज सात वाजता सुटून, टिकेल असं मला वाटत नाही. ठरवायचं तर आधीच ठरवा. सीए करायचंच असेल तर कारखान्यापेक्षा सीएच्या ऑफिसातली कमी पगाराची जागा बरी पडेल.

मुलाखतीच्या शेवटी ते विचारतील, तुम्हाला काही विचारायचंय का. बहुतेक जण 'नाही सर' म्हणून उठतात. तुम्ही तीन गोष्टी विचारा. अकाउंट्समध्ये किती जण आहेत? सॉफ्टवेअर कोणतं? आणि मी केलेली एन्ट्री कोण तपासणार? तिसऱ्याच्या उत्तराकडे नीट लक्ष द्या. 'आमचे सिनियर बघतात' किंवा 'सीएच्या ऑफिसातून महिन्याला माणूस येतो' असं आलं तर पगार हजार-दोन हजार कमी असला तरी जा. 'कुणी नाही, सगळं तुम्हीच बघायचं' असं आलं आणि ही तुमची पहिलीच नोकरी असेल, तर पगार जास्त असला तरी दुसरी जागा शोधत राहा.